विश्वाला एक टाका जास्त

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तर सगळ्यात आधी टपकली ती समोरची इस्त्रीवाली. हिला बातम्यांचा वास कुठून येतो देव जाणे. हातात माझ्या मुलाचे दोन शर्ट, त्यातला एक अर्धाच इस्त्री केलेला, आणि धापा टाकत म्हणते, "आजी, कोपऱ्यावर मोठी गाडी उभी आहे. पुढे कोण बसलंय सांगा बघू?"

मी म्हटलं, "मी इथे बसलेय, गाडी तिथे आहे. मला कसं दिसणार?"

"तुमची भिंगरी!"

माझ्या हातातली क्रोशाची सुई पडली ती कॉटखाली गेली. अजून काढायची आहे. दुसरीने काम चालवलंय.

भिंगरी म्हणजे माझी नात, मुलाची एकुलती एक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिच्या बापानेच हे नाव पाडलं. आता तो ते नाव घेत नाही, कुठलंच घेत नाही. आमचं घर असं आहे की पुढे मुलाचं सोफे-गाद्या भरायचं दुकान, मध्ये माझी खोली, मागे गल्ली, आणि वर मुलगा नि सून. दुकानाच्या आणि माझ्या खोलीच्या मधलं जे दार आहे, त्यात उभं राहून तीन वर्षांपूर्वी दोघं भांडली. हिला विश्वाचा अभ्यास करायचा होता. त्याला वाटत होतं ही दुकान सांभाळेल. दहा वर्षांची असताना स्प्रिंगा बांधायची पोरगी. तो म्हणाला, "ज्यातलं पंच्याण्णव टक्के काय आहे ते तुमच्या मोठ्या मोठ्या लोकांनाही ठाऊक नाही, त्याच्यापायी जन्म घालवणार? मी गिऱ्हाइकाला सांगू का, सोफ्यात काय भरलंय मला माहीत नाही?" ही म्हणाली, "माहीत नसेल तर तसंच सांगावं, बाबा." आणि गेली. फोन सुनेला येतो, मला येतो. फोन वाजला की पुढे दुकानात हातोडी जोरात चालायला लागते.

आज ती मागच्या गल्लीतून आली. पुढून आली असती तर लवकर पोचली असती, पण पुढे बाप. केवढी वाळलीय! तिच्या मागे एक उंच बाई, तिला सगळे मॅडम म्हणतात, आणि मॅडमच्या मागे खोक्यात तुटलेलं प्लास्टिक घेऊन एक तरुण मुलगा. त्याचं नाव सांगितलं होतं, पण चष्मा इतका मोठा की नाव लक्षात राहिलं नाही. मी त्याला चष्माच म्हणते. त्याला चालतं.

माझ्या सुईचं सांगायचं राहिलं. मी घरातले सगळे रुमाल विणते आणि ते सगळे कडेला लाटा मारतात. सून म्हणते, "आई, तो टेबलावरचा एक दिवस उठून चालायला लागेल." त्याला कारण आहे. घरातलं कुणी बाहेरगावी असलं की मी प्रत्येक फेरीला एक टाका जास्त घालते. आपल्या माणसाची जागा ठेवायची असते. मुलगा तरुणपणी कामासाठी बाहेर होता तेव्हाची ही खोड. तेव्हा विणलेला पलंगपोस कुठल्याच पलंगावर धड बसला नाही. बरं, आता झोपते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे लोक कशाला आलेत ते आज कळलं. गावोगाव फिरून विश्व दाखवतात. पंधरा तारखेला, शनिवारी, वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन आहे. पण गाडीत वरची पेटी खालच्या पेटीवर आपटली आणि त्यांची तीन विश्वं फुटली. हो, तीन. एक टोपीसारखं मिटलेलं, एक झालरीसारखं पसरत गेलेलं, आणि एक सपाट.

मी विचारलं, "आपलं कुठलं?"

"सपाट, आजी," चष्मा म्हणाला. "मोजून बघितलंय. अगदी सपाटच्या जवळ."

"अगं बाई! म्हणजे जुने लोक म्हणायचे ते खरं होतं तर!"

भिंगरी कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, पृथ्वी नव्हे गं. पृथ्वी गोलच आहे. विश्व सपाट म्हणजे, समज, दोन माणसं शेजारी शेजारी सरळ चालत सुटली, तर ती कधी जवळ येणार नाहीत, कधी लांब जाणार नाहीत. टोपीवरून चालली तर पुढे एकमेकांवर आपटतील. झालरीवरून चालली तर लांब लांब जात राहतील."

मी म्हटलं, "या घरात दोघं जण झालरीवरूनच चाललीत." ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

नवीन प्लास्टिकचं करून मिळायला महिना लागतो. मॅडम म्हणाल्या, चित्रं लावू. भिंगरी म्हणाली, चित्र हाताला लागत नाही, मुलांना हात लावून बघू दे. तेवढ्यात चष्म्याने टेबलावरचा माझा रुमाल उचलला, उलटा केला, सुलटा केला, आणि असा ओरडला की इस्त्रीवाली परत आली. म्हणे झालर-विश्व हेच! टाके भराभर वाढवले की झालर होते, वाढवायचे थांबले की टोपी होते, आणि बेताने वाढवले की सपाट. तिन्ही क्रोशाने करता येतील.

मला कुणी विचारायच्या आत मी हो म्हटलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही, बोटं दुखत होती. लोकर बारीक पडते, प्रदर्शनाला मोठं हवं. मी सुनेला म्हटलं, दुकानातून काही जाड मिळतं का बघ. ती पडद्याच्या दोरीच्या चार गुंडाळ्या घेऊन आली. "म्हणाले, जुनी आहे, पडून होती." जुनी म्हणे. वरचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. म्हातारा होत चाललाय मुलगा, नव्या-जुन्यातला फरक कळेना.

टोपी मी केली, ती झाली. झालर सून आणि चष्मा करतायत. चष्म्याला क्रोशाची काय आवड! सकाळी येतो तो संध्याकाळी जातो. पण भिंगरी खोलीतून उठून गेली की त्याचे टाके सुटतात. असतात काही लोकांचे हात असे.

भिंगरी माझ्याकडेच झोपते. वर जेवायला जात नाही. सून ताट खाली आणते आणि जिन्यात डोळे पुसते. आज कळलं की हिला पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या दुर्बिणीवर काम मिळतंय. तीन वर्षांसाठी. सतरा तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. मला आनंदच झाला, उगाच खोटं कशाला लिहू. पण ती अशीच मागच्या गल्लीतून निघून गेली तर परत येताना तिला कुठलं दार सापडणार? बापाशी एक शब्द तरी बोलून जाऊ दे. बाकी विश्व सपाट असो की वाकडं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चष्म्याने आज मला घनता शिकवली. म्हणजे कुठल्या जागेत किती माल आहे ते. म्हणाला, "हे तुमचं टेबल आहे ना, सगळ्या विश्वातला माल सारखा पसरून टाकला तर एवढ्या उंच-रुंद खोक्याच्या वाट्याला जेमतेम हायड्रोजनच्या पाच-सहा अणूंएवढं वजन येतं."

"एवढंच? माझ्या कॉटखाली झाडू मार, जास्त निघेल."

"म्हणून तर तुमच्या कॉटखाली आणि बाहेर फरक आहे, आजी. पण हे जे एवढंसं आहे ना, ते बरोबर बेताचं आहे. जास्त असतं तर विश्व टोपीसारखं मिटलं असतं. कमी असतं तर झालर."

इथे मी त्याला पकडला. म्हटलं, "थांब. माल जास्त घातला की मिटतं म्हणतोस. आणि मी टाके जास्त घातले की उघडतं. हे उलटं झालं की!"

तो चष्मा काढून पुसायला लागला. भिंगरी गल्लीच्या दारातून म्हणाली, "टाके म्हणजे माल नव्हे, आजी. टाके म्हणजे जागा."

आता हे मी आयुष्यभर सांगत आलेय, पण मी सांगितलं तर ती खोड, आणि शिकलेल्यांनी सांगितलं तर शास्त्र.

रविवार, ९ फेब्रुवारी

विश्वात काय काय भरलंय त्याची बरणी करायचीय. शंभर गुंड्या. त्यातल्या पाच रंगीत, म्हणजे आपण, झाडं, चंद्र, सूर्य, इस्त्रीवाली, सगळं. सत्तावीस काळ्या, म्हणजे दिसत नाही पण ओढून धरतं ते. आणि अडुसष्ट काचेच्या, म्हणजे जे विश्वाला फुगवत नेतं आणि कुणालाच धड कळलेलं नाही ते. मी म्हटलं, एवढा पसारा आणि आपण पाच? मॅडम म्हणाल्या, "पाचसुद्धा पुष्कळ झाले, आजी. बघा ना, किती गडबड करतो." मला ही बाई आवडते.

सुनेला म्हटलं, दुकानात सोफ्याच्या पाठीला लावायच्या गुंड्या असतात, मूठभर आण. मी नुसतं गुंड्या म्हटलं होतं. ती घेऊन आली तीन पुड्या, दोऱ्याने बांधलेल्या. उघडल्या तर एकीत पाच रंगीत, एकीत सत्तावीस काळ्या, एकीत अडुसष्ट काचेच्या. योगायोग म्हणतात तो असा! मी सगळ्यांना सांगत सुटले. भिंगरीने दोनदा मोजल्या आणि मग कितीतरी वेळ मधल्या दाराकडे बघत बसली. दाराला रंग द्यायला झालाय हे मलाही दिसतंय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सपाट विश्व होत नाहीये. टोपी झाली, झालर झाली, आणि जे सगळ्यात सोपं, ते मी करतेय आणि ते कडेला उठतंय. भिंगरीने नीट सांगितलंय, पहिल्या फेरीत सहा टाके, मग दर फेरीला सहाच वाढवायचे. तेच करतेय. तरी हाताने दाबलं की बसतं, हात काढला की लाट. मधोमध उशी ठेवली, उशीसकट उठलं.

दोरीच वाकडी असावी. किंवा हवा दमट आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज जे झालं ते आधी लिहिते, मग पाठ शेकते.

दुपारी सगळे इथेच होते. सपाट विश्व जमिनीवर पसरलं तर पार लाटांचं झालेलं. भिंगरीचं तोंड एवढंसं. मॅडम म्हणाल्या, "राहू दे, याचं चित्र लावू." भिंगरी म्हणाली, "मॅडम, बाकी दोन्ही नसली तरी चालतील, पण जे खरं आहे तेच नाही म्हणून कसं चालेल?"

मला राग आला. मी मधल्या दाराशी जाऊन मोठ्याने ओरडले, "अरे, तुझी दोरी वाकडी आहे! काय माल ठेवतोस दुकानात!"

हातोडी थांबली. तीन वर्षांत त्याने ते दार तिजोरीसारखं जपून बंद ठेवलं होतं. मी आजारी पडले तेव्हासुद्धा गल्लीतून वळसा घालून यायचा. पण माल वाकडा म्हटल्यावर धाडकन उघडलं.

"काय वाकडं आहे?"

"हे बघ की!"

तो कुणाकडे न बघता खाली बसला. तोंडातले खिळे काढून खिशात टाकले. विश्वावरून बोट फिरवत गेला, मधून बाहेर, फेरी फेरी. ओठ हलत होते. मग एकदम थांबला.

"दोरी सरळ आहे, आई. तू दर फेरीला सात वाढवतेस."

"छे! सहाच."

"सात. सात. सात. ही बघ, इथेही सात." तो माझ्याकडे वर बघत म्हणाला, "अजून घालतेस तो टाका?"

मी म्हटलं, "मी कुठे घालते, हात घालतो. ती इथे आलीय हे मला कळतं, हाताला कसं कळणार? तीन वर्षांची सवय त्याची."

तो नुसता त्या जास्तीच्या टाक्यावर अंगठा ठेवून बसला. भिंगरी कोपऱ्यात उभी होती, ती म्हणाली, "कुठला टाका? आजी, कसला टाका?" म्हणजे बघा, या पोरीला विश्वात काय आहे ते माहीत, आणि आजीच्या रुमालात काय आहे ते माहीत नाही. मी सांगणार, तेवढ्यात तोच म्हणाला. जमिनीकडे बघून, पण तिच्याशी.

"तुझ्यासाठीचा. तू नव्हतीस ना. जागा ठेवलीय."

मॅडमच्या गाडीवाल्याने नेमका तेव्हाच बाहेर हॉर्न वाजवला. भिंगरी सावकाश येऊन विश्वाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तो म्हणाला, "उसवावं लागेल. टोक धर." तिने टोक धरलं, तो गुंडाळायला लागला. ती सोडत होती, तो गुंडाळत होता, दोरी दोघांच्या मध्ये ताणलेली. मध्येच तो म्हणाला, "ढिली सोडू नकोस गं, भिंगरे." ती म्हणाली, "नाही सोडत, बाबा."

माझं एवढं काम पार मधल्या सहा टाक्यांपर्यंत उसवलं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही! सून तर जिन्यात बसून हसत होती की रडत होती कळेना. मॅडम चष्म्याला ओढून बाहेर घेऊन गेल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

झालं! मुलाने खडूने दोरीवर खुणा करून दिल्या, फेरीला सहा, आणि मी विणायला बसले की तो शेजारी पहारेकऱ्यासारखा. "आई, हात बघ. चालला सातवा." भिंगरी दुसऱ्या बाजूने विणते. तिचा हात तिच्या बापासारखा, ताणून. पसरलं तर जमिनीला चिकटल्यासारखं बसलं. चष्म्याने त्याच्यावर गोटी ठेवली, ती जागची हलली नाही. मुलगा म्हणाला, "हं. जमलं." एवढंच. पण गिऱ्हाइकाच्या सोफ्यालाही तो याहून जास्त काही म्हणत नाही.

दोन दिवस भिंगरी वरच जेवतेय. मधलं दार आता उघडंच असतं. सगळा भुसा माझ्या खोलीत येतो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सभागृह भरलं होतं. इस्त्रीवालीने दुकान बंद ठेवलं आणि पुढची खुर्ची पकडली. मुलं टोपीत डोकी घालून बघत होती, झालरीत हात घालत होती. सपाट विश्वावर एक बाळ झोपूनच गेलं. मॅडम म्हणाल्या, झोपू दे, ते सपाट असल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

भिंगरीने गुंड्यांची बरणी उचलून सगळं सांगितलं. तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठली, "पंच्याण्णव तुम्हाला माहीतच नाहीत, तर मग तुम्ही करता काय?"

सगळे हसले. हेच वाक्य आमच्या घरी झालं होतं, म्हणून मी मागे वळून बघितलं. मुलगा पार मागे, दाराशी उभा होता.

भिंगरी म्हणाली, "माझे बाबा सोफे भरतात. सोफ्याच्या आत काय आहे ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. पण माणूस त्यावर बसलं की किती दबला, कुठे दबला, कुरकुरला का, त्यावरून बाबा न उघडता बरंचसं सांगतात. आम्ही तेच करतो. तारे कुठे आणि कसे फिरतात ते बघतो आणि आत काय असेल ते म्हणतो. हे मी त्यांच्या दुकानात शिकले. फक्त आमचा सोफा अजून कुणाला उघडता आलेला नाही."

मागून आवाज आला, "नुसतं बसल्यावर नाही कळत. उठल्यावर कळतं. गादी किती वेळाने वर येते त्यावरून."

सगळं सभागृह मागे वळलं. मुलगा कानापर्यंत लाल झाला. भिंगरी म्हणाली, "बरोबर. उठल्यावर. हे माझे बाबा." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून त्याने बाजूचा फळा सरळ केला. तो आधी सरळच होता, आता तिरका झाला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज गेले सगळे. पुढच्या दाराने गेले, दुकानातून. मुलाने वाटेतले सगळे सोफे बाजूला केले होते.

भिंगरीने दुर्बिणीला हो कळवलं. माझ्यासमोरच कळवलं, आणि तिच्या बापाने विचारलं, "तिथे बसायला खुर्ची कशी असते? रात्र रात्र बसायचं म्हणजे पाठ जाईल. माप पाठव." जायचं जूनमध्ये आहे. त्याआधी शाळेत परत प्रदर्शन करायचंय म्हणून तिन्ही विश्वं आमच्याकडेच ठेवली आहेत. सपाट कॉटखाली गेलं. तिथे माझी सुईही सापडली.

चष्मा जाताना सुनेच्या पाया पडला, मुलाच्या पडला, माझ्या दोनदा पडला. घाबरल्यासारखा का दिसत होता कोण जाणे. मुलगा म्हणाला, "बरा आहे मुलगा. हात जरा सुटा आहे." सून मिश्कील हसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणे काही नाही.

गाडी वळली, आणि मी खोलीत येऊन नवीन रुमाल सुरू केला. सहा टाके, मग वाढवायला घेतले. मुलगा मधल्या दारात चहा पीत उभा.

"एक जास्त घातलास ना, आई?"

"घातला."

"एकच? तिघं गेलेत."

"तिघांचे तीन घातले तर केवढी झालर होईल!"

"होऊ दे," तो म्हणाला. "सपाट एक आहे घरात."

म्हणून मी तीन घालतेय. झालर आताच उठायला लागलीय. शाळेच्या प्रदर्शनाला तिघंही परत येतायत, मुलाने दुकानाच्या फळीवर खडूने लिहूनही ठेवलंय: रविवार, ९ मार्च.